ग्रंथकार हाच गिऱ्हाईक

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कॉर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. १८५३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्या गावातील एका घरापुढे पुस्तकांनी भरलेली एक गाडी येऊन उभी राहिली. बोस्टनच्या प्रकाशकाने न खपलेल्या प्रती ग्रंथकाराकडे परत धाडल्या होत्या. छापलेल्या १,००० प्रतींपैकी ७०६ प्रती त्या गाडीत होत्या. घरातील छत्तीस वर्षांच्या गृहस्थाने ते गठ्ठे आपल्या पाठीवरून दोन जिने चढवून वर नेले, आणि रोजनिशीत अशी नोंद केली की, आपल्या संग्रही आता सुमारे नऊशे ग्रंथ झाले असून त्यांपैकी सातशेंहून अधिक आपण स्वतःच लिहिलेले आहेत.

हा गृहस्थ म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. सरकारच्या अन्यायी आज्ञा मोडण्याविषयीचा ज्याचा निबंध पुढे महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला, तोच हा. परत आलेले पुस्तक त्याचे पहिलेच होते. १८३९ साली थोरल्या भावासह त्याने दोन नद्यांतून होडीने प्रवास केला. पुढे १८४२ च्या आरंभी तो भाऊ धनुर्वाताने अकाली वारला. त्याच्या स्मृतीसाठी थोरोने त्या प्रवासाचे वर्णन लिहिण्यास घेतले. प्रकाशकांनी नकार दिला. अखेर एकाने असे कबूल केले की, पुस्तक आम्ही काढू, परंतु विक्रीतून खर्च निघाला नाही तर तो ग्रंथकाराने भरून द्यावा. थोरोने अट मान्य केली आणि १८४९ साली पुस्तक बाहेर पडले. गाडीतून परत न आलेल्या २९४ प्रतींपैकी ७५ भेटीदाखल गेल्या होत्या. म्हणजे चार वर्षांत विकल्या गेल्या त्या उण्यापुऱ्या २१९. छपाईचे २९० डॉलर थोरोने जमीनमोजणीची कामे करून फेडले.

ही हकीकत करुण आहे, परंतु तीत फसवणूक कोठेही नाही. अट आरंभीच सांगितली होती. पुस्तके खरोखरच छापली गेली होती, दुकानात ठेवली गेली होती आणि वाचकांनी ती घेतली नव्हती. दारात आलेली ती गाडी खरे बोलली. हल्लीच्या काळी अशीच पुस्तकांनी भरलेली गाडी पुष्कळ ग्रंथकारांच्या दारी येऊन उभी राहते. फरक इतकाच की, ती पुस्तके दुकानातून परत आलेली नसतात. ती दुकानात गेलेलीच नसतात. ग्रंथकाराने त्यांचे पैसे आगाऊ भरलेले असतात, आणि ती गाडी आली म्हणजे आपले पुस्तक प्रकाशित झाले अशी त्याची समजूत करून दिलेली असते.

इंग्रजीत या धंद्याला 'व्हॅनिटी पब्लिशिंग' म्हणतात. म्हणजे लेखकाच्या अहंतेवर चालणारे प्रकाशन. हे नाव तितकेसे न्याय्य नाही. त्यात दोष सारा लेखकाच्या माथी मारलेला आहे. वस्तुतः पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या शंभर माणसांत गर्विष्ठ असे थोडेच सापडतील. कोणी शिक्षकाने निवृत्तीनंतर आपल्या गावच्या आठवणी लिहिलेल्या असतात. कोणी गृहिणीने चाळीस वर्षे वहीत जपलेल्या कविता असतात. कोणी मुलाने आईच्या कष्टांची कहाणी मांडलेली असते. आपण हाक मारावी आणि कोणीतरी ओ द्यावी, एवढीच या माणसांची इच्छा असते. धंदा चालतो तो या इच्छेवर. हाकेला ओ आल्याचा आवाज त्यांना पैसे घेऊन ऐकविला जातो.

हा आवाज ऐकविण्याची पहिली युक्ती म्हणजे थोरांची नावे. अशा संस्थांच्या पत्रकांतून जगातील मोठमोठ्या साहित्यिकांनी आरंभी स्वतःच्या खर्चाने पुस्तके काढल्याचे अगत्याने सांगितलेले असते. त्या हकीकती बहुधा खऱ्या असतात. परंतु त्या अर्ध्याच सांगितलेल्या असतात. त्यांतील काही पुऱ्या सांगण्यासारख्या आहेत.

इंग्लंडातील शार्लट, एमिली आणि ॲन या ब्राँटे भगिनींनी मावशीकडून वारसाने आलेल्या पैशांतून १८४६ साली आपल्या कवितांचे एक पुस्तक लंडनच्या एका प्रकाशकाकडून काढविले. आरंभीच त्यांना ३१ पौंड १० शिलिंग भरावे लागले, पुढे आणखी खर्च झाला तो निराळाच. बायकांच्या नावाला टीकाकार योग्य न्याय देणार नाहीत, म्हणून त्यांनी टोपणनावे घेतली. वर्षभरात खप झाला दोन प्रतींचा. शार्लटने तो आकडा लपविला नाही. उरलेल्या प्रतींपैकी काही वर्डस्वर्थ, टेनिसन अशा नामांकित साहित्यिकांना भेट पाठविताना तिने तो पत्रात स्वतःच लिहिला. पत्रकात ही गोष्ट येथवर असते आणि तिचा शेवट ब्राँटे भगिनी अजरामर झाल्या असा केलेला असतो. परंतु त्या अजरामर झाल्या त्या या पैसे भरून काढलेल्या पुस्तकामुळे नव्हे. १८४७ साली शार्लटची 'जेन एअर' ही कादंबरी दुसऱ्या एका प्रकाशकाने स्वतःच्या जोखमीवर घेतली आणि तिला तिच्या हक्कांबद्दल शंभर पौंड दिले. कवितांच्या वेळी पैसा ग्रंथकर्तीकडून प्रकाशकाकडे गेला, कादंबरीच्या वेळी तो प्रकाशकाकडून ग्रंथकर्तीकडे आला. आणि याच वेळी वाचक आले.

बिॲट्रिक्स पॉटर या बाईंची गोष्टही अशीच. त्यांच्या सशाच्या पिलाची गोष्ट प्रकाशकांनी परत केली, तेव्हा १९०१ साली त्यांनी थेट छापखान्याकडून २५० प्रती छापवून घेतल्या आणि इष्टमित्रांत वाटल्या-विकल्या. पुढच्याच वर्षी एका नामांकित प्रकाशनगृहाने ते पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढले. फ्रान्समधील मार्सेल प्रूस्त याची महाकादंबरी पॅरिसच्या अनेक प्रकाशकांनी नाकारली. तिचा पहिला खंड त्याने १९१३ साली स्वखर्चाने काढविला. नाकारणाऱ्यांत आंद्रे जीद हा साहित्यिक होता. त्याने पुढल्याच वर्षी प्रूस्तला पत्र लिहून आपली चूक कबूल केली.

या उदाहरणांवरून पैसे भरून पुस्तक काढणे लाजिरवाणे नाही एवढे सिद्ध होते. पैसे भरले म्हणजे वाचक मिळतो, हे मात्र त्यांवरून मुळीच सिद्ध होत नाही. पॉटरबाईंनी छापखान्याला पैसे दिले ते छपाईचे. त्यांच्या प्रती त्यांच्या मालकीच्या होत्या, हक्क त्यांचे होते, आणि छापखानेवाल्याने त्यांना थोर लेखिका म्हटले नव्हते.

हल्लीच्या व्यवहारातील मुख्य भाग म्हणजे ग्रंथकाराने आपल्याच प्रती विकत घेण्याची अट. तिचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. समजा, दोनशे पृष्ठांच्या एका पुस्तकाची किंमत २५० रुपये ठेवली. प्रकाशक म्हणतो की, छपाईखर्चाचा एक पैसाही आम्ही मागत नाही. लेखकाने केवळ २०० प्रती चाळीस टक्के सवलतीने घ्याव्यात. सवलतीनंतर प्रत पडली १५० रुपयांना. २०० प्रतींचे झाले ३०,००० रुपये. आता प्रत छापून बांधून तयार करण्यास समजा ७० रुपये लागत असतील, तर २०० प्रतींचा खर्च १४,००० रुपये. उरलेले १६,००० रुपये हा प्रकाशकाचा नफा. आणि तो एकाही वाचकाने पुस्तकाला हात लावण्यापूर्वी झालेला आहे. करारनाम्यात लेखकाला दहा टक्के मानधनही कबूल केलेले असते, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. गुंतविलेले ३०,००० रुपये या मानधनातून परत मिळावयाचे तर आणखी १,२०० प्रती खपल्या पाहिजेत. त्या खपविण्याची यातायात प्रकाशकाने का करावी? त्याचा धंदा तर पहिल्याच दिवशी पुरा झाला.

येथेच सारे मर्म आहे. सामान्य प्रकाशकाचे गिऱ्हाईक वाचक असतो; म्हणून तो हस्तलिखित निवडतो, परत करतो, वाक्ये दुरुस्त करावयास लावतो, मुद्रिते तपासून घेतो, दुकानदारांच्या पायऱ्या झिजवतो. त्याचा कठोरपणा हा वाचकाच्या वतीने असतो. परंतु जेथे ग्रंथकार हाच गिऱ्हाईक, तेथे नकार देणे म्हणजे आलेले गिऱ्हाईक घालविणे. तेथे प्रत्येक हस्तलिखित उत्कृष्ट ठरते, आणि जो दोष सांगितला असता तर पुढचे पुस्तक सुधारले असते तो कोणीही सांगत नाही. पैशाची हानी भरून निघते. खोट्या स्तुतीत गेलेली वर्षे भरून निघत नाहीत.

ही गोष्ट अमेरिकेत काही लेखकांनी मोठ्या विनोदी रीतीने सिद्ध करून दाखविली. तेथील एक संस्था आपण लेखकाकडून छपाईचा खर्च घेत नाही, उलट त्यालाच आगाऊ मानधन देतो, असे सांगत असे. ते आगाऊ मानधन एक डॉलर होते, आणि तिची मिळकत मुख्यतः लेखकांनी व त्यांच्या गणगोतांनी घेतलेल्या प्रतींवर चालते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. तेव्हा काही विज्ञानकथाकार एकत्र आले आणि प्रत्येकाने एकेक प्रकरण बुद्ध्याच वाईट लिहून 'अटलांटा नाइट्स' ही कादंबरी सिद्ध केली. तीत एक प्रकरण गहाळ होते, एक प्रकरण दोनदा आले होते, आणि एक तर यंत्राकडून जुळवून घेतलेल्या निरर्थक शब्दांचे होते. २००४ च्या डिसेंबरात संस्थेने हे हस्तलिखित स्वीकारले. २००५ च्या जानेवारीत लेखकांनी खरा प्रकार जाहीर केला, तेव्हा कोठे संस्थेने आपला स्वीकार मागे घेतला.

इटलीतील विख्यात साहित्यिक उंबेर्तो एको याने मिलानच्या एका मोठ्या प्रकाशनगृहात कित्येक वर्षे संपादकाचे काम केले होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फुकोचा लंबक' या कादंबरीत त्याने लेखकांच्या पैशावर चालणारी एक प्रकाशनसंस्था रंगविली आहे. तीतील शेवटचा डाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काही काळ लोटल्यावर प्रकाशक ग्रंथकाराला कळवितो की, पुस्तक काळाच्या पुढे असल्यामुळे खपले नाही. उरलेल्या प्रती आता लगद्यासाठी द्याव्या लागणार. तथापि लेखकाची इच्छा असल्यास त्या त्याला अल्प किमतीत मिळू शकतील. आपले अपत्य रद्दीच्या गिरणीत जाताना कोणता बाप स्वस्थ बसेल? बिचारा पुन्हा पैसे भरतो आणि एकदा विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेतो.

ही दूरदेशची उदाहरणे वाचून महाराष्ट्रीय वाचकाने निर्धास्त होऊ नये. पाच-पन्नास कवींच्या एकेक-दोनदोन कविता घेऊन 'प्रातिनिधिक' संग्रह काढावयाचा, प्रत्येकाकडून सहभागशुल्क घ्यावयाचे आणि प्रत्येकाच्या गळ्यात काही प्रती बांधावयाच्या, हा प्रकार मराठीत पुरेसा रूढ आहे. त्याला जोडूनच कधी समारंभ, शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र येते. त्यांचेही शुल्क असते. घरच्या लग्नात घरच्यांनीच आहेर करावा आणि तो वाजतगाजत स्वतःच स्वीकारावा, तशी ही तऱ्हा होते. त्या प्रतींचे पुढे काय होते? 'सप्रेम भेट' असे लिहून त्या आप्तेष्टांना दिल्या जातात. भेट म्हणून आलेले पुस्तक भिडेने घेतले जाते, भिडेने टेबलावर राहते, आणि घराची आवराआवर होते तेव्हा रद्दीत निघते. पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत अशा ओळी लिहिलेली पुस्तके हटकून आढळतात. ज्याला हाकेची ओ हवी होती, त्याच्या हाकेचा हा शेवट होतो.

याशिवाय काही गोष्टींचे पैसे नवख्या लेखकाच्या अज्ञानापायी घेतले जातात. पुस्तकावर छापावयाचा आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन राय यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी मोठी रक्कम आकारली जात असेल तर ती कशाची, हे विचारावे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखन झाल्याबरोबर लेखकाचा होतो. नोंदणी केली नाही म्हणून तो बुडत नाही. तेव्हा 'आम्ही तुम्हांस हक्क मिळवून देतो' या आश्वासनात देण्यासारखे फारसे काही नसते. उलट कराराच्या बारीक अक्षरांत तो हक्क कित्येक वर्षांसाठी काढून घेतलेला तर नाही ना, हेच पाहावयाचे असते.

मग ज्याला प्रकाशक मिळत नाही त्याने लेखणी ठेवून द्यावी काय? तसे मुळीच नाही. आपल्या खर्चाने आणि आपल्या नावाने पुस्तक काढणे यात कमीपणा कसलाच नाही, आणि मराठी वाङ्मयाला ही परंपरा नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली, तेव्हा लेखक आणि संपादक ते स्वतःच होते. त्यांची भिस्त वर्गणी भरणाऱ्या वाचकांवर होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड काढण्याचे प्रचंड कार्य कंपनी स्थापून, भागीदार आणि वर्गणीदार मिळवून तडीस नेले. याही व्यवहारात पैसा गोळा करावा लागला, अपमान सोसावे लागले. परंतु दिलेल्या रुपयाबद्दल ग्रंथ कोणाच्या हातात पडणार हे ठरलेले होते. तो वाचकाच्या हातात पडत होता. अलीकडे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना चालविली. तीत हस्तलिखित आधी तपासले जाते, आणि ही तपासणीच लेखकाच्या फायद्याची असते.

सारांश, स्वखर्चाने काढलेले पुस्तक आणि विकत घेतलेले कौतुक यांत भेद करावयास शिकले पाहिजे. त्यासाठी करारावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न पुरेत. मी एकही प्रत घेतली नाही तरी हे पुस्तक निघेल काय? किती प्रती छापल्या जातील, आणि त्या कोणाच्या मालकीच्या असतील? या संस्थेचे गतवर्षीचे पुस्तक आज कोणत्या तीन दुकानांत अगर ग्रंथालयांत पाहावयास मिळेल? खप झाला नाही तर हक्क मला केव्हा परत मिळतील? पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर पुढील तीन विचारण्याची आवश्यकता उरत नाही. ज्याला छपाईच हवी आहे त्याने छापखान्यात जावे, दोन-तीन ठिकाणचे दर काढावेत आणि हव्या तेवढ्याच प्रती छापून घ्याव्यात. नातवंडांसाठी काढलेल्या पन्नास प्रतीही सार्थकी लागतात, कारण त्या कोणासाठी आहेत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

थोरोची गोष्ट पुरी व्हावयाची राहिली आहे. माळ्यावर सातशे प्रती रचून ठेवल्यावर त्याने काय केले? त्याच दिवशीच्या नोंदीत तो लिहितो की, आपण संध्याकाळी नेहमीप्रमाणे लेखणी हाती घेतली. खप न झाल्याचे सत्य त्याला कोणी साखरेत घोळून दिले नव्हते, आणि त्याने ते पचविले. 'वॉल्डन'चे हस्तलिखित त्याच्याकडे होतेच. पहिले पुस्तक पडले म्हणून ते मागे राहिले होते. त्या लांबलेल्या वर्षांत त्याने ते पुन्हा पुन्हा लिहिले. १८५४ साली बोस्टनच्या दुसऱ्या एका प्रकाशनगृहाने ते स्वतःच्या खर्चाने काढले. २,००० प्रतींची ती आवृत्ती पाच वर्षांत संपली. आणि १८६२ साली, थोरो क्षयाने अंथरुणाला खिळलेला असता, त्याच प्रकाशनगृहाने त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या उरलेल्या साऱ्या प्रती त्याच्याकडून विकत घेतल्या. भावाच्या आठवणींचे ते गठ्ठे नऊ वर्षांनी दोन जिने उतरून खाली आले, आणि या वेळी त्यांचे पैसे ग्रंथकाराने दिले नाहीत.